कृष्णधवल प्रिंटसाठी इंकजेट प्रिंटर घेताय? आधी त्यातल्या काळ्या शाया मोजा

दरवर्षी पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून पुढे गेल्या, की आठवड्याभरात कोणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येते. कार्डात हजारेक फोटो असतात, त्यातले दहा-बारा मनापासून आवडलेले, तेही कृष्णधवल केलेले. आणि प्रश्न एकच: "काका, हे घरीच छापायचे आहेत, कुठला प्रिंटर घेऊ?" सोबत दुकानातून आणलेलं माहितीपत्रक असतं आणि त्यावर प्रिंटर किती रंगांचा आहे त्या आकड्याभोवती पेनानं गोल केलेला असतो.

माझाही पहिला प्रिंटर असाच घेतलेला होता. टापकीर गल्लीतल्या एका दुकानातून ऑफिसात वापरतात तसला चार शायांचा प्रिंटर मी आनंदानं घरी आणला. पहिला प्रिंट काढला तो निवडुंग्या विठोबाच्या देवळाबाहेर बसलेल्या एका वारकरी आजोबांचा. पांढरं धोतर, पांढरी दाढी, मागे ओली काळी भिंत. सकाळी खिडकीपाशी पाहिलं तर धोतर हिरवट दिसत होतं, रात्री बल्बखाली तेच गुलाबी. दाढीच्या उजळ भागात तिळासारखे काळे ठिपके. फाइलमध्येच चूक आहे असं समजून मी तीन आठवडे तीच फाइल सुधारत राहिलो. कागदाची दोन पाकिटं संपली. चूक फाइलमध्ये नव्हती. त्या प्रिंटरकडे राखाडी रंग बनवायला लागणारं सामानच नव्हतं. हे मला दुकानात उभा असताना कोणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख.

राखाडी रंग येतो कुठून

डार्करूममध्ये कागदावरची चांदी प्रकाशाच्या प्रमाणात कमी-जास्त काळी होते, त्यामुळे मधल्या सगळ्या छटा आपोआप मिळतात. इंकजेटचं तसं नाही. काळ्या शाईचा थेंब कागदावर पडला की तो काळाच असतो. फिकट छटा दाखवायची तर प्रिंटरपुढे दोनच वाटा उरतात. पहिली, काळे थेंब विरळ टाकायचे. मग उजळ भागात ते सुटे दिसतात, आजोबांच्या दाढीत दिसले तसे. दुसरी, निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून राखाडी बनवायचा. ही दुसरी वाट फसवी आहे. तीन रंगांचा तोल केसभर ढळला तरी राखाडी एका बाजूला झुकतो, आणि तोल एका उजेडात जुळला तरी दुसऱ्या उजेडात बिघडतो. याला मेटॅमेरिझम म्हणतात. खिडकीत हिरवा आणि बल्बखाली गुलाबी, हा तोच प्रकार.

यावरचा उपाय म्हणजे शाईच फिकट काळी करायची. काळी, करडी आणि फिकट करडी अशा तीन शाया असल्या, की धोतराची चुणी फिकट करड्या शाईच्या दाट थेंबांनी भरता येते, ठिपके दिसत नाहीत, आणि रंगीत शायांचा वापर नावापुरता उरतो. एपसननं २००५ मध्ये आर२४०० या प्रिंटरबरोबर अल्ट्राक्रोम के३ नावाचा शायांचा संच आणला, त्यातला 'के३' म्हणजे काळ्याचे हेच तीन दर्जे. त्याच प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कृष्णधवल छपाईसाठी स्वतंत्र पर्याय होता, अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट. घरच्या टेबलावर डार्करूमच्या तोडीचा कृष्णधवल प्रिंट काढता येतो, हे अनेक छायाचित्रकारांना तेव्हापासून पटायला लागलं.

म्हणून माहितीपत्रकातला एकूण रंगांचा आकडा बाजूला ठेवा आणि शायांची नावं वाचा. त्यात 'ग्रे' हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. एकदाही येत नसेल तर तो प्रिंटर रंगीत फोटो कितीही सुंदर काढो, आपल्या कामाचा नाही. भारतात सहा शायांचे टाकीवाले फोटो प्रिंटर खूप खपतात. त्यांतल्या बऱ्याच प्रिंटरमध्ये सहापैकी दोन शाया फिकट निळी आणि फिकट किरमिजी असतात. लग्नाच्या अल्बमला त्या उत्तम, पण करडी शाई त्यात नसते.

पायरी १: प्रिंटर लागणार आहे का, हे आधी ठरवा

महिन्याला किती प्रिंट काढणार, याचं खरं उत्तर स्वतःला द्या. पहिल्या महिन्यातला उत्साह धरू नका. मागच्या वर्षभरात किती फोटो कागदावर असावेत असं वाटलं, तो आकडा बारानं भागा. उत्तर चार-पाचपेक्षा कमी आलं तर प्रिंटर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. पुण्यात पिगमेंट शाईवर (ही टिकाऊ शाई, तिच्याबद्दल पायरी ४ मध्ये), चांगल्या कागदावर प्रिंट काढून देणाऱ्या लॅब आहेत. वर्षाला तीस-चाळीस प्रिंट तिथून काढून घेणं स्वस्त पडतं आणि मनस्तापही कमी. इंकजेट प्रिंटर वापरात नसला की शाई हेडमध्ये, म्हणजे थेंब सोडणाऱ्या भागात, सुकते. मग हेड साफ करायला जी शाई जाते, ती प्रिंटवर खर्च झालेल्या शाईच्या पुढे जाते.

आठवड्याला एक-दोन प्रिंट नक्की निघणार असतील, किंवा स्वतः छापताना चुकत-सुधारत शिकायची ओढ असेल, तर पुढे वाचा. ही ओढ मी फार मोलाची मानतो. लॅबमधून आलेला प्रिंट आपण पाहतो, पण घरी सावली अर्ध्या टप्प्यानं उचलून तोच फोटो पुन्हा काढला की आपल्याला फोटो कळायला लागतो.

पायरी २: आकार

एथ्री प्लस, म्हणजे १३ × १९ इंच, की एटू, म्हणजे साधारण १७ × २२ इंच, एवढाच हा प्रश्न आहे. एफोरवर थांबू नका. कृष्णधवल फोटोला श्वास घ्यायला जागा लागते, आणि एफोर आकारात दोन-तीन करड्या शाया असलेले प्रिंटर फारसे मिळतही नाहीत.

एथ्री प्लसवर १२ × १८ इंचाचा फोटो बसतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्याला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेल. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला हे सहज जमतं. बालगंधर्व कलादालनात किंवा घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात मित्रांबरोबर प्रदर्शन भरवायचं म्हटलं तरी १२ × १८ चा फोटो रुंद माउंटमध्ये, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, १८ × २४ च्या फ्रेममध्ये भारदस्त दिसतो. पहिल्या प्रिंटरसाठी मी हाच आकार सुचवतो. एटूचा मोह झालाच तर घराचा जिनाही बघून घ्या. कॅननचा प्रो-१००० हा एटू आकाराचा प्रिंटर जवळजवळ ३२ किलोंचा आहे. पेठेतल्या जुन्या इमारतीत लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यावर तो न्यायला दोन धडधाकट माणसं लागतात, आणि टेबलही तितकंच भक्कम हवं.

पायरी ३: कागद आधी, प्रिंटर नंतर

इथे थोडा वेळ काढा. नवख्या माणसाला वाटतं की आधी प्रिंटर घ्यायचा, कागद मग बघू. माझा अनुभव उलटा आहे. तुमच्या फोटोंना कुठला कागद शोभतो हे एकदा कळलं, की अर्धे प्रिंटर यादीतून आपोआप गळतात.

ढोबळमानानं कागदाचे तीन प्रकार धरू. पहिला आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला चकचकीत किंवा साटिन फोटो कागद. स्वस्त, शिकायला उत्तम, पण हातात घेतला की लॅबमधल्या पोस्टकार्ड साइझ फोटोसारखा वाटतो. दुसरा बरायटा. यात कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो. डार्करूमच्या फायबर कागदालाही हाच थर असायचा, म्हणून जुन्या चांदीच्या प्रिंटची सवय असलेल्या डोळ्यांना बरायटा लगेच आपला वाटतो. तिसरा मॅट कॉटन रॅग, सुती धाग्यांच्या लगद्यापासून केलेला, चमक नसलेला. हानेम्यूले या १५८४ पासूनच्या जर्मन कागद गिरणीचा ३०८ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा, फोटो रॅग हे याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण.

फरक काळ्याच्या खोलीत दिसतो. छपाईवाले तो घनतेच्या आकड्यात मोजतात. चांगल्या बरायटा कागदावर पिगमेंट काळ्याची घनता २.२ च्या पुढे जाते, मॅट रॅगवर ती १.६ ते १.७ च्या आसपास थांबते. सोप्या भाषेत, बरायटावरचा सर्वांत गडद काळा त्याच्यावर पडलेल्या उजेडातला अर्धा टक्का किंवा थोडा जास्त उजेड परत पाठवतो, मॅटवरचा दोन ते अडीच टक्के. आकडे लहान वाटतात, पण मंडईतल्या रात्रीच्या फोटोत गॅसबत्तीमागचा अंधार खोल दिसायचा की राखेसारखा, हे त्यावरच ठरतं. याउलट सिंहगडावरचं पावसाळी धुकं, वाड्याच्या चौकात पडलेला मऊ उजेड, म्हाताऱ्या हातांच्या सुरकुत्या, असल्या फोटोंना मॅट रॅग जो शांतपणा देतो तो चकचकीत कागद देत नाही. आणि फ्रेमच्या काचेमागे गेल्यावर दोघांमधला फरक बराच कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

आता हे प्रिंटरला कसं भिडतं ते बघा. चमकदार कागदाला फोटो ब्लॅक नावाची काळी शाई लागते, मॅट कागदाला मॅट ब्लॅक. जुन्या काही प्रिंटरमध्ये दोन्ही शाया एकाच वाटेनं हेडपर्यंत जायच्या. कागद बदलला की प्रिंटर आधीची शाई धुऊन काढायचा, आणि प्रत्येक बदलात काही मिलिलीटर महाग शाई वाया जायची. एपसनच्या पी६०० आणि पी८०० मध्ये हे होतं. त्यानंतरच्या पी७०० आणि पी९०० मध्ये दोन्ही काळ्या शायांना स्वतंत्र नोझल, म्हणजे थेंब सोडणारी छिद्रं, आहेत. जुना प्रिंटर सेकंडहँड मिळत असेल तर हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारा, आणि तुम्ही मॅट व बरायटा दोन्ही वापरणार असाल तर असा प्रिंटर घेऊ नका.

कागदाबद्दल आणखी एक. काही कागद दुधासारखे शुभ्र दिसतात, कारण त्यांत ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. धोतराला नीळ दिल्यासारखाच तो परिणाम. खिडकीच्या उजेडात ते छान चमकतात, पण ब्राइटनरचा जोर वर्षांनुवर्षं टिकत नाही, आणि मग कागद पिवळसर वाटायला लागतो. आईवडिलांचा फोटो नातवंडांपर्यंत जावा असं वाटत असेल तर ब्राइटनर नसलेला कागद घ्या.

पुण्यात राहून हातकागदाचा मोह न होणं कठीण. शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावर १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि तिथला कागद हातात घेतला की त्यावर काहीतरी छापावंसं वाटतंच. पण त्या कागदावर इंकजेटचं अस्तर नसतं. शाई खोल शोषली जाते, काळा फिका पडतो, आणि सुटे धागे हेडला जाऊन चिकटतात. थेट त्यावर इंकजेट चालवू नका. त्याऐवजी प्रिंटरवर पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापा आणि त्या कागदावर सायनोटाइप करा. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही निळ्या छटांची पद्धत पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर फार सुंदर जमते.

पायरी ४: डाय की पिगमेंट

डाय शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. डाय कागदात मुरते, चकचकीत कागदावर पृष्ठभाग एकसारखा ठेवते आणि स्वस्त पडते. पण उजेड आणि हवेतला ओझोन तिला लवकर खातात. पिगमेंट कितीतरी अधिक टिकते. तिची अडचण अशी, की कण कागदाच्या पृष्ठभागावर बसत असल्यानं चकचकीत कागदावर प्रिंट तिरपा धरला तर काळ्या भागावर तांबूस झळाळी येते. तिला ब्राँझिंग म्हणतात.

टिकाऊपणाचा धडा या क्षेत्रानं फार लवकर घेतला. ग्रॅहम नॅश हा गायक, स्वतः छायाचित्रकार आणि जुन्या फोटोंचा संग्राहक. त्यानं १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही छपाईची कार्यशाळा सुरू केली, आणि आयरिस ३०४७ नावाच्या, मुळात छापखान्यातले प्रूफ काढायला बनवलेल्या यंत्रावर फोटो छापायला घेतले. प्रिंट देखणे निघत, पण तेव्हाच्या शाया उजेडात लवकर उडत. इंकजेटवर कलाकारांचा आणि संग्रहालयांचा भरवसा बसायला पिगमेंट शाया यायला लागल्या. नॅशचं ते यंत्र आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे.

माझं मत असं: फोटो भिंतीवर लागणार, कोणाला भेट जाणार किंवा विकला जाणार असेल तर पिगमेंटच. अल्बममध्ये, बंद पेटीत राहणार असेल, किंवा पहिलं वर्ष निव्वळ शिकण्यात जाणार असेल, तर डाय चालेल.

पायरी ५: मग कुठला

बाजारात मॉडेलचे आकडे सतत बदलतात, आणि देशानुसार त्यांचा शेवटचा आकडाही बदलतो. त्यामुळे पुढची नावं प्रकार समजून घेण्यासाठी वाचा.

कमी खर्चात सुरुवात करायची तर करडी शाई असलेले टाकीवाले प्रिंटर. एपसनचा एल८१८० हा एथ्री प्लसचा प्रिंटर यातला. त्यात फोटो ब्लॅक आणि करडी अशा दोन डाय शाया आहेत. त्यात एक पिगमेंट काळीही असते आणि दुकानदार ती ठळकपणे सांगतात, पण ती मुख्यतः साध्या कागदावरच्या मजकुरासाठी आहे. तिच्यामुळे तुमचा फोटो पिगमेंटचा होत नाही. बाटलीतली शाई स्वस्त पडते, त्यामुळे मनसोक्त चुका करता येतात, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

कॅननचा प्रो-२०० आठ डाय शायांचा आहे, त्यात काळीबरोबर करडी आणि फिकट करडी दोन्ही आहेत. आरसी आणि साटिन कागदावर याचे कृष्णधवल प्रिंट फार मऊ येतात. मॅट कागदासाठी वेगळी काळी शाई मात्र त्यात नाही.

पिगमेंटमध्ये एथ्री प्लसला दोन प्रिंटर समोरासमोर येतात. एपसन पी७०० मध्ये दहा शाया, त्यात फोटो ब्लॅक, मॅट ब्लॅक, करडी आणि फिकट करडी. चमकदार कागदावर गडद भागावर फिकट करड्या शाईचा एक जादा हात देऊन काळा अधिक खोल करायची सोयही त्यात आहे. कॅनन प्रो-३०० मध्येही दहा शाया आहेत, दोन्ही काळ्या आहेत, पण करडी एकच. दहावी शाई क्रोमा ऑप्टिमायझर नावाची, बिनरंगी, ती चकाकी एकसारखी करते आणि ब्राँझिंग कमी करते. मुख्यतः मॅट रॅगवर काम करणाऱ्याला मी एपसनकडे वळवीन, कारण दोन करड्या शायांचा फायदा उजळ भागात दिसतो. चमकदार कागद आवडणाऱ्यानं कॅननचा प्रिंट तिरपा धरून नक्की पाहावा.

एटूमध्ये एपसन पी९०० हा पी७०० चाच मोठा भाऊ, आणि कॅननचा प्रो-१००० बारा शायांचा, त्यात दोन करड्या.

किमतीचा हिशेब करताना प्रिंटरच्या किमतीपाशी थांबू नका. कार्ट्रिजची किंमत तिच्यातल्या मिलिलीटरनं भागा. प्रो-३०० ची कार्ट्रिज १४.४ मिलिलीटरची, पी७०० ची २५ ची, पी९०० ची ५० ची, प्रो-१००० ची ८० ची. मोठा प्रिंटर घ्यायला महाग असला तरी त्याची शाई मिलिलीटरमागे बहुधा स्वस्त पडते. त्यात दोन गोष्टी धरा. नव्या प्रिंटरबरोबर आलेल्या शाईतला मोठा भाग नळ्या आणि हेड भरण्यातच जातो, म्हणून पहिला संच अपेक्षेपेक्षा लवकर संपतो. आणि तुम्ही फक्त कृष्णधवल छापलंत तरी रंगीत शाया संपतातच, थोड्या टोनसाठी, बऱ्याचशा हेड साफ करताना. एक जरी संपली तरी प्रिंटर थांबतो. वाया गेलेली शाई साठवणारी मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येते का, हेही विचारा. येत नसेल तर ती भरल्यावर प्रिंटर सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो.

डुप्लिकेट शाई भरून देणारे गल्लोगल्ली भेटतील. कृष्णधवलसाठी तिचा विचारही करू नका. रंगीत फोटोत थोडा फरक डोळा सोडून देतो, राखाडीत सोडत नाही.

पायरी ६: स्वतःची परीक्षा-फाइल घेऊन जा

दुकानात लावलेला मोराचा किंवा फुलांचा चकचकीत नमुना पाहून काही कळत नाही. घरी एक एफोर फाइल बनवा. वरच्या बाजूला शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत, पाच-पाच टक्क्यांच्या एकवीस चौकटी. त्याखाली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सलग उतरती पट्टी. खाली तुमचे दोन फोटो, एक उजळ, एक गडद. तुम्हाला हवा तो प्रिंटर ज्या लॅबकडे किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडे आहे, तिथे ही फाइल एकदा बरायटावर आणि एकदा मॅटवर काढून घ्या. पैसे लागतील, ते द्या. चुकीचा प्रिंटर घेण्यापेक्षा ते फार कमी असतात.

प्रिंट एक दिवस वाळू द्या, मग बघा. पंचाण्णव आणि शंभर टक्क्यांच्या चौकटी वेगळ्या दिसतात का? पाच टक्के आणि कोरा कागद यांत फरक कळतो का? उतरत्या पट्टीत मध्येच उडी किंवा पट्टे आहेत का? उजळ भागावर भिंग धरलं तर ठिपके सुटे दिसतात का? प्रिंट तिरपा करून झळाळी पाहा. शेवटी तो घेऊन घरभर फिरा: खिडकी, ट्यूब, दिवाणखान्यातला पिवळा एलईडी. राखाडी सगळीकडे राखाडीच राहिला, तर तुमचा प्रिंटर सापडला.

पायरी ७: पुण्याच्या घरात तो कसा नांदेल

इथे एप्रिल-मे कोरडे असतात, त्यात शाई हेडवर लवकर सुकते. जून ते सप्टेंबर दमट, तेव्हा कागद हवेतलं पाणी पितो, कडा वळतात, आणि वळलेली कड हेडला घासली की प्रिंटवर काळा ओरखडा उठतो. कागद मूळ पाकिटातच ठेवा, छपाईपुरताच बाहेर काढा, पावसाळ्यात आडवा, वर वजन ठेवून. प्रिंटर खिडकीपासून आणि थेट पंख्याखालून दूर ठेवा, काम नसेल तेव्हा सुती कापड टाका. सध्या शहरात ठिकठिकाणी खोदकाम चालू असतं, ती धूळ कुठेही पोचते.

सर्वांत महत्त्वाची सवय: प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानंच बंद करा. आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत आहे. तसं केलं की हेड मध्येच कुठेतरी उघडं राहतं आणि सुकतं. स्वतःच्या बटणानं बंद केल्यावर तो हेड कडेला नेऊन झाकतो, मग भिंतीवरचं बटण खुशाल बंद करा. वीज अचानक जाण्यासाठी छोटा यूपीएस लावा.

आठवड्यातून एक वार ठरवा. माझा रविवार आहे. त्या दिवशी नोझल चेक, म्हणजे छिद्रं तुंबली नाहीत ना हे दाखवणारा रेघांचा नमुना, काढायचा आणि निदान एक लहान प्रिंट. रेघ तुटलेली दिसली तर एकदाच हेड क्लीनिंग द्या. रेघ सलग आली नाही तर लागोपाठ पाच वेळा करत बसू नका. तासभर थांबा, मग पुन्हा एकदा. बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतं.

घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे

पहिल्या प्रिंटबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते: फार काळपट आला. बहुधा प्रिंटर बरोबर असतो आणि मॉनिटर फार उजळ असतो. शक्य असेल तर उपकरणानं मोजून मॉनिटर कॅलिब्रेट करा आणि उजेड चौरस मीटरला १०० कँडेलांच्या आसपास ठेवा. उपकरण नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी टेबलावरच्या दिव्यात कोरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत स्क्रीन मंद करा.

ड्रायव्हरमधला कृष्णधवल पर्याय वापरा, आणि तो वापरताना फोटोशॉप किंवा लाइटरूममध्ये प्रोफाइल, म्हणजे कागदानुसार रंग जुळवणारी फाइल, लावू नका. रंगाचं काम एकाच्याच हाती असू द्या, दोघांनी केलं की राखाडी बिघडतो. टोन आधी न्यूट्रल ठेवून पाहा. उबदार टोनची ओढ नंतर लागतेच, पण आधी शुद्ध राखाडी ओळखता यायला हवा. ड्रायव्हरऐवजी छपाई चालवणारी क्वाडटोन रिपसारखी वेगळी सॉफ्टवेअर, सगळ्या टाक्यांत काळ्याच्याच छटा भरून केलेले प्रिंटर, हे सगळं पुढे आहे आणि फार आनंदाचं आहे. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका. एक प्रिंटर, दोन कागद, एवढ्यावर राहा.

प्रिंट काढल्यावर लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. पूर्ण दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस, उघडा वाळू द्या. नाहीतर शाईतून निघणारी वाफ काचेवर आतून धुकं धरते. फ्रेमवाल्याला माउंट आम्लमुक्त बोर्डाचा करायला सांगा, आणि काच प्रिंटला टेकू देऊ नका.

आणि परीक्षा-फाइलचा पहिल्या दिवशीचा प्रिंट मागे पेन्सिलीनं तारीख, कागदाचं नाव आणि सेटिंग लिहून काळ्या पाकिटात कपाटात ठेवून द्या. दर सहा महिन्यांनी त्याच सेटिंगवर नवा काढा आणि खिडकीपाशी दोन्ही शेजारी धरा. मधल्या चौकटींपासून सुरुवात करा, बिघाड आधी तिथेच दिसतो.